एक ओळ म्हणजे काय? आरोग्य-डेटाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

धुळे-जळगावचं रुग्णालय असो की नंदुरबारचा तालुका आरोग्य विभाग, डेटाच्या कामात शिरणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो: पायथन शिकू की पॉवर बीआय? आधी एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं करा, सुरुवातीचं बहुतेक काम तेवढ्यावर निघतं. चुका होतात त्या मोजणीत.

ओपीडीच्या फाइलमधली एक ओळ म्हणजे एक भेट, एक रुग्ण नव्हे. मधुमेहाचा रुग्ण वर्षात १२ वेळा गोळ्या न्यायला आला तर १२ ओळी होतात. प्रत्येक रुग्ण एकदाच मोजायला एसक्यूएलमधलं 'काउंट डिस्टिंक्ट' आहे, पण ते रुग्ण क्रमांकावर लावा, नावावर नाही. वळवी, पावरा, वसावे ही आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. उलट एकाच पाड्यावर एकाच नावाच्या दोन बायाही असतात. क्रमांक नसेल तर नाव, पती किंवा वडिलांचं नाव, गाव आणि वय जुळवा. वयात दोन-तीन वर्षांची सूट ठेवा, कारण वय अंदाजाने सांगितलं जातं आणि ४०, ४५, ५० वर ढीग साचतो. शंकेच्या जोड्या डोळ्यांनी तपासा.

तारखांनी घात होतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०६ ही ५ जून नाही, ६ मे होते. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र मजकूर म्हणून तशाच राहतात. हिमोग्लोबिन ११० दिसलं तर बहुधा दशांशचिन्ह गळालंय. रिकाम्या चौकटीत शून्य भरू नका: तपासणीच न झालेली गरोदर बाई ७ ग्रॅमच्या खाली, म्हणजे तीव्र रक्तक्षयात मोजली जाते.

आता छेद, म्हणजे टक्केवारी काढताना ज्याने भागतो तो आकडा. एका उपकेंद्रात पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) चा पहिला डोस ४० बाळांना आणि तिसरा ३१ जणांना मिळाला, तर गळती (४०−३१)÷४०, म्हणजे २२.५ टक्के. पण डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. एकाच महिन्याच्या अहवालातले पहिला आणि तिसरा डोस घेणारे वेगवेगळी बाळं असतात. त्यामुळे कधीकधी गळती उणेही येते. म्हणून एका महिन्यात जन्मलेल्या बाळांची यादी धरून शेवटपर्यंत चाला. त्यातही अक्कलकुवा-धडगावची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिसरा डोस तिकडे मिळालेला असू शकतो. हे न विचारता आशाताईंच्या नावावर गळती टाकणं अन्याय आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या यादीत सर्वाधिक जपा. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे आजारी नव्हे; वाहक (एएस) की रुग्ण (एसएस) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या खात्रीच्या रक्तचाचण्यांनंतरच ठरतं. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीतही वाहकाचा कोड डी५७.३ वेगळा आहे. दोघांची बेरीज करून 'रुग्ण' म्हणू नका.

आणि नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली, असं मानू नका. पाडा, वय १९, स्त्री, एएस एवढं लिहिलं तरी गावाला मुलगी कळते आणि लग्नाची बोलणी मोडू शकतात. पाड्यावर पाचांहून कमी नोंदी असतील तर तिथला आकडा देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर एकत्र करून द्या.