जेडचे झाड : या चुका टाळा

जेडचे पान सुरकुतलेले दिसले की बहुतेक जण लगेच पाणी घालतात, आणि पुष्कळदा नेमके तेव्हाच झाड हातचे जाते. पान सुरकुतण्याची कारणे दोन असतात. एक तर माती पूर्ण कोरडी पडल्याने झाडाला खरोखरच तहान लागलेली असते, किंवा माती ओली असूनही मुळे कुजल्यामुळे ते पाणी वर चढत नसते. वरून पाहता दोन्ही पाने सारखीच दिसतात. म्हणून निदान पानावरून न करता मातीवरून करावे. कुंडीच्या कडेने एक बारीक लाकडी काडी थेट तळापर्यंत खुपसावी आणि पाच मिनिटांनी बाहेर काढावी. काडी कोरडी निघाली तर तळाच्या छिद्रांतून पाणी वाहेपर्यंत भरपूर पाणी द्यावे. पाने दोन-चार दिवसांत पुन्हा ताठ होतात. काडीला ओलसर माती चिकटून आली, तर मात्र पाण्याला हातही लावू नये. मी स्वतः ही परीक्षा न करता एका सुरकुतलेल्या जेडला सलग तीन आठवडे पाणी पाजत राहिलो आणि अखेर ते झाड बुंध्यापासून कोसळले.

असे होण्याचे कारण झाडाच्या घडणीत आहे. क्रॅसुला ओव्हाटा हे शास्त्रीय नाव असलेले जेड मूळचे दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकमधील कोरड्या, खडकाळ उतारांवरचे आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी पानांवरची बारीक छिद्रे, उघडतात. जेड ती मुख्यतः रात्री उघडते, तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानांत साठवून ठेवते आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन तो उन्हात वापरते. त्यामुळे त्याचे पाणी फारच थोडे उडते, आणि ‘दर रविवारी एक पेला’ यासारखा ठरावीक नेम त्याला मानवत नाही. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा तर दोन पाण्यांमधले अंतर सहज तीन-चार आठवड्यांवर जाते.

पाने पिवळट, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होऊन नुसत्या स्पर्शाने गळू लागली, तर झाड कुंडीतून काढून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरट आणि घट्ट असतात. कुजलेले मूळ दोन बोटांत धरून ओढले की त्याची तपकिरी साल निसटून हातात येते आणि मागे फक्त दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने छाटून झाड काही दिवस सावलीत उघडेच सुकू द्यावे आणि मग कोरड्या, नव्या मातीत लावावे. बुंधाच मऊ पडला असेल तर खालचा भाग वाचवण्याचा हट्ट सोडावा. कापाच्या जागी तपकिरी ठिपकाही दिसेनासा होईपर्यंत वर वर कापत जावे, आठवडाभरात कापावर कोरडी खपली धरली की ती फांदी लावावी, आणि ओल्या जखमेने ती मातीत खुपसण्याची घाई करू नये.

मातीच्या बाबतीत एक गैरसमज फार चिवट आहे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे घालतात, पण बारीक मातीतले पाणी तिच्याखालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून राहते आणि मुळांना उलट चिखल मिळतो. त्यापेक्षा जाड वाळू, पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा विटांचा भरड चुरा मातीतच निम्म्याने मिसळावा. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद असावी, कारण मोठ्या कुंडीतली मुळांविना पडलेली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. तळाला छिद्र नसलेली शोभेची कुंडी कितीही देखणी असली तरी तिच्यात झाड थेट लावू नये.

दोन पेऱ्यांमधले अंतर वाढून फांद्या बारीक आणि लोंबत्या झाल्या, तर प्रकाश अपुरा पडतो आहे असे समजावे. ताणलेली फांदी पुन्हा आखूड होत नाही. ती पेऱ्याच्या थोडी वर छाटली की तेथून बहुधा दोन फुटवे निघतात. मात्र अंधाऱ्या खोलीतले झाड एकदम कडक उन्हात ठेवल्यास पानांवर करपल्याचे कायमचे डाग पडतात, म्हणून ऊन दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. पानांच्या कडा लाल होणे हा रोग नसून उन्हाचाच परिणाम आहे.

पानांवरचे पांढरे ठिपके पाहून औषध फवारण्यापूर्वी ते ओल्या फडक्याने पुसून पाहावेत. जेडच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी सुकल्यावर मागे राहिलेले ते क्षार असू शकतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले आणि हाताला चिकट लागले, तर मात्र ते पिठ्या ढेकूण होत. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते टिपावेत आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघत असल्याने दर आठवड्याला हेच पुन्हा करावे.

लहान, गोल पानांचे आणि तांबूस खोडाचे पोर्टुलाकारिया आफ्रा हे वेगळे झाडही अनेक ठिकाणी जेड म्हणूनच विकले जाते. त्याला पाणी काहीसे जास्त चालते आणि आफ्रिकेत ते हत्तींचे खाद्य आहे. खरे जेड मात्र कुत्र्या-मांजरांना विषारी असल्याने त्यांच्या तोंडी लागणार नाही अशा उंचीवरच ठेवावे.