फॉर्ममध्ये "अजून एक ओळ जोडा" द्यायच्या आधी काय काय ठरवून ठेवायचं

सांगणारा नेहमी असंच सांगतो की बाकी फॉर्म झालाच आहे, फक्त एक प्लसचं बटण द्या म्हणजे लोकांना हव्या तेवढ्या ओळी वाढवता येतील. आता बटणाचं काम खरंच थोडंच असतं. डोकं खातं ते पुढचं सगळं, म्हणजे मधलीच ओळ काढली तर काय, सर्व्हरवर चूक सापडली तर भरलेल्या ओळी जशाच्या तशा परत कशा दाखवायच्या, आणि महिन्याभराने तोच फॉर्म एडिटला उघडला तर कुठली ओळ जुनी आणि कुठली नवी हे कळणार कसं. म्हणून जावास्क्रिप्टला हात लावायच्या आधी खालच्या गोष्टी ठरवून घ्या. उदाहरणाला घरातल्या माणसांची माहिती घेणारा फॉर्म धरू, प्रत्येक ओळीत नाव, वय आणि "अवलंबून आहे का" असा एक चेकबॉक्स.

सगळ्यात आधी डेटाबेस. ओळींसाठी वेगळं टेबल, त्यात मुख्य अर्जाची फॉरेन की (म्हणजे ही ओळ कुठल्या अर्जाची हे सांगणारा त्या अर्जाचा आयडी), प्रत्येक ओळीला स्वतःचा आयडी, आणि क्रम महत्त्वाचा असेल तर क्रमाचा एक कॉलम. नाव१, नाव२, नाव३ असे कॉलम करून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. नुसतं साठवायचं आणि तसंच दाखवायचं असेल, त्यात शोधाशोध किंवा रिपोर्ट काही नसेल, तर सगळ्या ओळी एका जेसन कॉलममध्ये, म्हणजे एकाच मजकुरात गुंडाळून, टाकल्या तरी चालतं, पण तसं नक्की आहे का हे आधी विचारून घ्या, कारण रिपोर्ट नंतर मागितला जातोच. त्याच बैठकीत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती ओळी हेही विचारा. "कितीही" हे उत्तर घेऊ नका.

मग फील्डची नावं, आणि इथे जरा थांबा. पीएचपीमध्ये नावाच्या शेवटी रिकामा चौकोनी कंस दिला की अ‍ॅरे मिळतो, त्यामुळे बरेच जण नावांचा एक अ‍ॅरे, वयांचा एक, चेकबॉक्सचा एक असं करून मोकळे होतात. टेक्स्टबॉक्सपुरतं ते चालून जातं कारण रिकामा टेक्स्टबॉक्ससुद्धा सबमिट होतो. पण टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. म्हणजे तीन ओळी आहेत आणि फक्त दुसऱ्या ओळीत टिक आहे, तर सर्व्हरला तीन नावं, तीन वयं आणि चेकबॉक्सची एकच व्हॅल्यू मिळते, ती बसते शून्य इंडेक्सवर, आणि टिक चिकटते पहिल्या माणसाला. एरर नाही, वॉर्निंग नाही, डेटा मात्र चुकलेला. डिसेबल केलेल्या फील्डचंही तेच, ती पण जात नाही. त्यामुळे कंसात ओळीचा नंबर स्वतः लिहायचा, म्हणजे मेंबर, मग कंसात ०, मग कंसात वय, अशी नावं ठेवायची, म्हणजे एका ओळीचं सगळं एकत्र येतं. आणि हा नंबर म्हणजे स्क्रीनवरचा अनुक्रमांक नव्हे. तो फक्त वाढत जाणारा काउंटर ठेवा, ओळ काढली तरी मागे नेऊ नका. शून्य आणि दोन आले, एक नाही आला, काही बिघडत नाही.

जँगोवाल्यांनी (पायथनचं वेब फ्रेमवर्क) मात्र इथे जपून. त्यातला फॉर्मसेट, म्हणजे एकाच फॉर्मच्या अनेक ओळी हाताळणारा भाग, टोटल फॉर्म्स नावाच्या छुप्या फील्डवरून ठरवतो की किती ओळी वाचायच्या. मधली ओळ पानावरून उडवली, आकडा एकने कमी केला आणि बाकीच्या ओळींना नवे नंबर दिलेच नाहीत, तर शेवटची ओळ वाचलीच जात नाही. सरळ उपाय म्हणजे ओळ लपवायची, तिचा डिलीट चेकबॉक्स टिक करायचा आणि आकड्याला हात लावायचा नाही. रेल्समध्ये (रुबीचं फ्रेमवर्क) याच कामाला अंडरस्कोर डिस्ट्रॉय नावाचं फील्ड आहे, तो मॉडेलमध्ये अलाऊ करायला विसरू नका. रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) असेल तर ओळ ओळखायच्या "key" मध्ये अ‍ॅरेचा इंडेक्स देऊ नका, नाहीतर मधली ओळ काढल्यावर इनपुटमध्ये टाइप केलेलं भलत्याच ओळीत दिसू शकतं.

नवीन ओळ आणायची कुठून? पहिलीच ओळ क्लोन केली तर इनपुटमध्ये टाइप केलेलं पण सोबत येतं, आयडी डुप्लिकेट होतात, मग दुसऱ्या ओळीच्या लेबलवर क्लिक केलं की कर्सर पहिल्या ओळीत, आणि डेटपिकरसारखं काही लावलेलं असेल तर तेही अर्धवट येतं. लपवलेल्या डिवमध्ये कोरी ओळ ठेवली तर ती पण फॉर्मबरोबर सबमिट होते, आणि तिच्यात रिक्वायर्ड फील्ड असेल तर फॉर्म जातच नाही, युजरला कारणही दिसत नाही, कन्सोल उघडल्यावर कळतं की ब्राउझर लपलेल्या फील्डवर फोकस करू शकत नाहीये म्हणून अडलाय. एचटीएमएलचा टेम्प्लेट टॅग वापरा, त्यातलं काही सबमिट होत नाही. त्यातून कॉपी काढायची, नंबर भरायचा, मग पानावर टाकायची. क्लिकचा लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) प्रत्येक बटणाला न लावता बाहेरच्या कंटेनरला एकदाच लावा, म्हणजे नंतर आलेल्या ओळी आपोआप त्यात येतात. आणि हो, फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते सबमिट बटण असतं, त्यामुळे "जोडा" दाबलं की अर्ज गेला. टाइपमध्ये "button" लिहा.

ओळ काढताना त्यात काही भरलेलं असेल तर परत आणायची सोय द्या, प्रत्येक वेळी "नक्की काढू का" विचारत बसण्यापेक्षा ते बरं. जोडल्यावर फोकस नवीन ओळीच्या पहिल्या फील्डमध्ये, काढल्यावर शेजारच्या ओळीत किंवा जोडा बटणावर, नाहीतर कीबोर्डवर काम करणारा हरवतो. "काढा" अशी दहा सारखी बटणं स्क्रीन रीडरला निरुपयोगी, त्यात ओळीचा नंबर किंवा नाव घाला.

सर्व्हरवर पूर्ण रिकाम्या ओळी गुपचूप सोडून द्यायच्या, अर्धवट भरलेल्यांना एरर द्यायची, आणि एरर त्या ओळीतल्या त्या फील्डखाली दिसली पाहिजे, वर "वय चुकलं आहे" एवढंच लिहिलं तर कुणाचं ते कसं कळणार. फॉर्म परत दाखवताना नव्याने जोडलेल्या ओळीही दिसायला हव्यात आणि काउंटर त्यांच्या पुढून सुरू व्हायला हवा. एडिटमध्ये जुन्या ओळीचा आयडी छुप्या फील्डमधून येतो, तो कुणीही बदलून पाठवू शकतो, त्यामुळे ती ओळ याच अर्जाची आहे का आणि अर्ज याच युजरचा आहे का हे तपासल्याशिवाय अपडेट करू नका. जुन्या सगळ्या उडवून नव्याने टाकायच्या ही पद्धत सोपी आहे, पण त्या आयडीला दुसरं टेबल जोडलेलं असेल तर पंचाईत. काहीही करा, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं सेव्ह होईल नाहीतर काहीच नाही.

शेवटी टेस्टिंगला दोन-तीन ओळींवर भागवू नका. पीएचपीमध्ये मॅक्स इनपुट व्हार्स, म्हणजे एका वेळी किती फील्ड घ्यायची ती मर्यादा, मुळात १००० असते, म्हणजे एका ओळीत आठ फील्ड असतील तर १२५ ओळींतच मर्यादा भरली, त्यापुढचं कापलं जातं, लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते आणि युजरला मात्र "सेव्ह झालं" दिसतं. जँगोचीही मूळ मर्यादा १००० फील्डचीच, पण तिथे निदान रिक्वेस्ट सरळ नाकारली जाते. सुरुवातीला विचारून घेतलेला जास्तीत जास्तचा आकडा इथे लागतो, तेवढ्या ओळी भरून, मधल्या चार काढून, एक मुद्दाम चुकवून सबमिट करून बघा.