'ड्रॅगन बॉल झी' पुन्हा पाहायचंय, पण 291 भागांना वेळ नाही?

लहानपणीची ही जपानी कार्टून मालिका पुन्हा लावली की अर्ध्या वाटेत कंटाळा येतो. एक हल्ला व्हायला अख्खा भाग जातो. त्यावर उपाय म्हणजे 2009 पासून आलेली 'काई' ही सुधारित आणि आटोपशीर आवृत्ती. चित्र स्वच्छ, आणि मंगामध्ये (मूळ जपानी चित्रकथेत) नसलेलं बरंचसं पाणी काढून टाकलेलं. पण त्या पाण्यात दोन-चार मोतीही वाहून गेलेत, म्हणून असं करा:

1. मुख्य कथा 'काई'मध्येच पाहा.

2. भविष्यातून आलेला ट्रंक्स इशारा देऊन भविष्यात परतला की थांबा आणि जुन्या 'झी'चा 125 वा भाग लावा. गोकू आणि पिकोलो गाडी चालवायला शिकतात तो! जगाचे दोन रक्षक स्टिअरिंगपुढे हतबल होतात. हा भाग 'काई'त नाहीच, आणि माझ्या मते तो गाळणं हा अन्यायच आहे.

3. जुन्या 'झी'तले गार्लिक ज्युनिअर या खलनायकाचे 108 ते 117 हे भाग खुशाल सोडा. कथेचं काही अडत नाही.

4. चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर टीव्हीचं झूम लावू नका. वरची-खालची चित्रं कापली जातात, गोकूचे केससुद्धा.

जपून: वरचे क्रमांक जपानी मूळ क्रमाचे आहेत. जुन्या इंग्रजी आवृत्तीत काटछाट होऊन 276 भागच उरले होते, त्यामुळे तिथे आकडे मागेपुढे होतात. भाग लावताना आधी वर्णन वाचा.