घराशेजारी गृहसंकुल येणार असेल तर हरकत कशी नोंदवावी

बैठ्या घरांच्या वस्तीलगत अनेक मजली गृहसंकुल होणार असल्याचे कळले की ‘हे होऊच द्यायचे नाही’ अशी पहिली प्रतिक्रिया उमटते आणि त्याच शब्दांत सह्यांचे निवेदन तयार होते. ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु परवानगी देणारे प्राधिकरण सह्यांच्या संख्येपेक्षा हरकतीचा आधार पाहते. म्हणून ‘परिसर बिघडेल’ असे मोघम लिहिण्याऐवजी काय, कोठे, किती आणि केव्हा बिघडेल हे मोजून लिहावे.

सर्वप्रथम प्रस्तावाचे नकाशे मिळवावेत आणि हरकती व सूचनांची अंतिम तारीख टिपून ठेवावी, कारण मुदत उलटून गेल्यावर सबळ हरकतही बहुधा वाया जाते. नकाशात इमारतीची उंची, हद्दीपासून सोडलेली सामासिक अंतरे, चटईक्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकामाचे क्षेत्र), वाहनतळ, पोहोच रस्त्याची रुंदी आणि पावसाचे पाणी कोठे सोडले जाणार आहे, हे पाहावे. विकास आराखड्यात त्या जागेचा वापर कोणता दाखवला आहे तेही तपासावे. जेथे तेवढ्या उंचीला नियमानेच मुभा आहे, तेथे ‘इमारत नको’ ही मागणी सहसा टिकत नाही. मात्र ती कशी उभी राहावी, यावर बोलायला पुष्कळ वाव असतो.

सावलीचा प्रश्न घरबसल्या मोजता येतो. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरच्या सुमारास आणि दक्षिण गोलार्धात २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीच्या सावल्या सर्वांत लांब पडतात. त्या दिवसांत १ मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी करावी, सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत दर तासाला तिच्या सावलीचे टोक खडूने टिपावे आणि लांबी व दिशा वहीत उतरवावी. मध्यान्हीची सावली १.२ मीटर भरली, तर २४ मीटर उंचीच्या इमारतीची सावली सपाट जागेवर त्या वेळी सुमारे २९ मीटर पडेल. असे प्रत्येक तासाचे अंतर नकाशावर त्या-त्या दिशेने आखले की कोणाचे अंगण, कोणाचे सौर पॅनेल आणि कोणाची खिडकी किती तास उन्हावाचून राहील, हे स्पष्ट होते. मुदत त्या दिवसांपूर्वीच संपत असेल, तर विकसकाकडून सावलीचा अभ्यास मागवण्याची विनंती हरकतीतच करावी.

पाण्याचा हिशेबही असाच सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी जमा होते. म्हणजे ३,००० चौरस मीटरच्या भूखंडावर ४० मिलिमीटर पाऊस झाल्यास १,२०,००० लिटर. आज यातले काही पाणी मातीत मुरते. उद्या छप्पर आणि फरसबंदी झाली की जवळजवळ सगळे, तेही झपाट्याने, गटारात येईल. त्यामुळे पाणी साठवून सावकाश सोडणारी टाकी आणि मुरण्यासाठी मोकळी माती, अशी नेमकी मागणी करावी. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबल्याची तारखेसह छायाचित्रे असतील, तर ती अवश्य जोडावीत.

वाहतुकीसाठी कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, चौकातील वाहने पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत मोजावीत आणि एकाच दिवसावर विसंबू नये. अग्निशमन वाहनाला वळायला जागा आहे का, हा प्रश्न या आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो विचारायला लोक विसरतात.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पायाच्या खोदाईचा धोका. तळघरासाठी भूजल उपसल्यास किंवा खड्ड्याच्या बाजूंना पुरेसा आधार न दिल्यास शेजारची जमीन खचून भिंतींना तडे जाऊ शकतात, आणि तडा जुना की नवा हा वाद पुराव्याअभावी रहिवाशांवरच उलटतो. काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी घरांच्या स्थितीची पाहणी व्हावी, असा आग्रह धरावा. स्वतःही प्रत्येक तड्याच्या टोकाशी पेन्सिलने बारीक रेघ ओढून तारीख लिहावी, शेजारी पट्टी धरून छायाचित्र घ्यावे आणि दरमहा तेच पुन्हा करावे.

निवेदनात तेथे राहायला येणाऱ्या माणसांविषयी एकही शब्द नसावा. त्यांनाही घराची गरज आहे, उद्या ती आपलीच शेजारी होणार आहेत, आणि ‘बाहेरचे लोक येतील’ असे एक वाक्य बाकीच्या सगळ्या मोजमापाची किंमत घालवते. घरांचे बाजारमूल्य घटेल हा मुद्दाही बहुतेक ठिकाणी ग्राह्य धरला जात नाही.

सुनावणीला प्रत्येकाने तेच बोलण्याऐवजी विषय वाटून घ्यावेत आणि प्रत्येक हरकतीसोबत उपाय सुचवावा: हद्दीकडील वरचे मजले मागे घ्यावेत, समोरासमोर येणाऱ्या खिडक्यांना अपारदर्शक काच असावी, बांधकामाच्या वेळा ठरवाव्यात, मालवाहू गाड्यांचा मार्ग वस्तीबाहेरून असावा. मान्य झालेली प्रत्येक गोष्ट परवानगीच्या अटींमध्ये लेखी आली आहे का, हे आदेशाची प्रत घेऊन पडताळावे, कारण तोंडी आश्वासनाची अंमलबजावणी कोणाकडेच मागता येत नाही. पुढे अट मोडली गेल्यास तक्रारीत तिचा क्रमांक, मोडल्याची तारीख, वेळ आणि छायाचित्र द्यावे, अर्जाची पोच घ्यावी आणि या सर्वांची एक प्रत वस्तीतील एकाच ठिकाणी जपून ठेवावी.