सायलेन्सर बदलायला किती वेळ लागतो? त्याआधी या चुका टाळा

गाडी स्टँडवर चढायच्या आत प्रश्न येतो, "मेस्त्री, किती वेळ लागंल?" काखेत ऑनलाइन मागवलेला खोका, इंजिन तापून टिकटिक करतंय, आणि ह्याला तासाभरात जुळे सोलापुरात कुणाला तरी आवाज ऐकवायचाय.

एकदाच सांगून टाकतो. फक्त मागचा डबा, म्हणजे स्लिप-ऑन, बदलायचा असेल तर थंड गाडीला पाऊण तास पुरतो. बेंड पाईपसकट, म्हणजे इंजिनातून डब्याकडे येणाऱ्या वाकड्या नळीसकट, पूर्ण सेट असेल तर दोन ते तीन तास. 'युनिव्हर्सल' म्हणून आणलेला ५१ मिमी तोंडाचा डबा असेल तर अर्धा दिवस सोडा. त्याला अ‍ॅडॉप्टर शोधा, पट्टी बनवा, वेल्डिंग करा. युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीला सरळ न बसणारा. पूर्ण सेट वीस मिनिटांत बसवून देणाऱ्याने काहीतरी गाळलंय. आणि साध्या डब्याला दिवस लावणाऱ्याने गाडीला संध्याकाळपर्यंत हातच लावलेला नसतो, हेही आमच्याच धंद्यातलं खरं.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे तापलेली गाडी आणणं. बेंड पाईप इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, ज्या स्टडवर (बिनडोक्याच्या बोल्टवर) बसतो ते लोखंडी, हेड अॅल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन नट स्टडला गंजाने धरून बसतो. गरम असताना जोर लावला की एकतर हेडातले आटे ओढून येतात, नाहीतर स्टड तुटतो.

हे पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलातली दुपार, बाहेर ऊन मी म्हणतंय. दोस्तांचा घोळका अक्कलकोटला निघालेला आणि एकाला नवा पाईप लावूनच जायचं होतं. "सुरू तर करा की ओ मालक, होतंय तोवर थंड." मीही केलं सुरू. चूक माझीच. पहिला नट निघाला. दुसरा अर्धा आटा फिरला आणि हातातला पाना एकदम हलका झाला. ज्याने हे हलकेपण अनुभवलंय त्याच्या पोटात आत्ताही गोळा आला असेल. स्टड हेडाच्या बरोबरीने तुटलेला, पकडायला नखाएवढंही शिल्लक नाही. ड्रिल मारून एझी-आऊट, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार, घातला, तर पोरं डोक्यावर उभी म्हणून घाईत तोही आत मोडला. एझी-आऊटचं पोलाद इतकं कडक की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. शेवटी हेड उतरवून लेथवाल्याकडे. दोन-तीन तासांच्या कामाला तीन दिवस, वर खर्च माझ्या गल्ल्यातून. गाडीचा मालक अक्कलकोटला मित्राच्या मागे बसून गेला.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. गाडी आदल्या रात्री दुकानात सोडायची. नटावर रस्ट स्प्रे मारून ठेवतो, सकाळी वायर ब्रशने आटे साफ. मग थोडं सैल, थोडं परत घट्ट, असं मागे-पुढे करत नट काढायचा. पान्याला लांब पाईप जोडून जोर लावणारा शिकाऊ पोरगा दिसला की मी पाना काढून घेतो.

दुसरं दुखणं पॅकिंगचं. बेंड पाईपच्या तोंडाशी असते ती गोल पॅकिंग एकदा दाबली गेली की तिचं काम संपलं. हजारोंचा पाईप आणायचा आणि पॅकिंग मात्र जुनीच बसवा म्हणायचं! मग गॅस लीक, गाडी सोडली की फटफट, आणि त्यावर इलाज म्हणून लाल सिलिकॉन थापायचं. बीएस-६ गाड्यांत पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. सिलिकॉनच्या वाफेने तो खराब होतो. सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. "पाईप लावल्यापासून अॅव्हरेज पडलं" म्हणणाऱ्याच्या गाडीचा सांधा मी आधी बघतो. काळी काजळी दिसली की पुढचं विचारत नाही.

बारीकसारीक: सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, पाईप सरळ बसला की हेडाकडून मागे घट्ट करत या. वेल्डिंग गाडीवर करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. स्टीलच्या पाईपवरचे बोटांचे ठसे गाडी चालू करायच्या आधी थिनरने पुसा, नाहीतर भाजून कायमचे उमटतात. कंपनीचा सायलेन्सर भंगारात घालू नका.

आवाजाबद्दल मी वाद घालत नाही. कंपनीतून गाडी निघताना १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, ही मर्यादा. आतला बफर, म्हणजे आवाज दाबणारा भाग, काढून द्या म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि सात रस्ता चौकात पोलिसाने हात केला की तिथे पावती माझ्या नावाने फाटत नाही. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचं कामही मी घेत नाही.

आणि काम झाल्यावर मी प्रत्येकाला सांगतो, शंभरेक किलोमीटर झाले की थंड गाडी घेऊन या, नट परत आवळून देतो, पैसे नाहीत. दहा मिनिटांचं काम. दहातला एक येतो. बाकीचे येतात ते तुळजापूरच्या रस्त्यावर पट्टी तुटून डबा लोंबायला लागल्यावर, दोरीने बांधून, आणि आल्या आल्या विचारतात, "मेस्त्री, किती वेळ लागंल?"