फॉरेस्ट ग्लोरी टाचणी: जातीपर्यंत कसे पोचावे

सह्याद्रीतल्या दाट सावलीत, ओढ्यालगतच्या झुडपांवर धातूसारखी चमकणारी, लांब पायांची हिरवी टाचणी, म्हणजे चतुराच्या नात्यातला सडपातळ कीटक, पंख मिटून बसलेली दिसली, तर ती बहुधा व्हेस्टालिस प्रजातीतली, म्हणजेच फॉरेस्ट ग्लोरी असते. कधी एकाच झुडपावर चार-सहा जणी असतात.

ओळख रंगावरून ठरवू नका. तोच कीटक सावलीत काळपट तपकिरी दिसतो आणि फ्लॅश पडला की निळसर हिरवा. पंख पाहा.

डोळे एकमेकांपासून दूर आणि पुढचे-मागचे पंख जवळपास सारखे, म्हणजे गण ओडोनाटा (चतुर आणि टाचण्या), उपगण झायगोप्टेरा (फक्त टाचण्या). आता पंखाच्या पुढच्या कडेला बुडापासून नोडसपर्यंतच्या, म्हणजे त्या कडेवरच्या खाचेपर्यंतच्या, आडव्या शिरा मोजा. बहुतेक टाचण्यांत त्या दोनच असतात, इथे भरपूर. पण एवढ्यावर कॅलोप्टेरिजिडी हे व्हेस्टालिसचे कुल ठरवता येत नाही, कारण युफिया आणि हेलिओसायफा या दुसऱ्या कुलांतल्या टाचण्यांतही त्या पुष्कळ असतात. हेलिओसायफाचा चेहरा पुढे चोचीसारखा आलेला असतो. युफियाच्या पंखाच्या टोकाजवळ टेरोस्टिग्मा, म्हणजे जाड कडांचा गडद चौकोनी ठिपका असतो. व्हेस्टालिसला तो नसतोच. घोळ इथेच होतो: टोकावरचा काळा पट्टा टेरोस्टिग्मा समजला जातो. पट्टा शिरांमधल्या अनेक कप्प्यांवर पसरलेला असेल, तर तो नुसता रंग.

टोके काळी असतील तर व्हेस्टालिस एपिकॅलिस सेलिस, १८७३. पंख पूर्ण पारदर्शक असतील तर व्हेस्टालिस ग्रॅसिलिस (रँबुर, १८४२). नावापुढे जातीचे वर्णन करणारा अभ्यासक आणि वर्णनाचे वर्ष लिहितात. नोंदीत रँबुरच्या नावाभोवतीचा कंस गाळू नका. जातीचे वर्णन मुळात दुसऱ्या प्रजातीत झाले होते, हे त्यातून कळते. सेलिसने आपली जात व्हेस्टालिसमध्येच वर्णिली, म्हणून तिथे कंस नाही.

नुकत्याच कात टाकलेल्या एपिकॅलिसची टोके फिकी असतात. पंख काचेसारखे लकाकत असतील आणि अंगावर रंग पुरता चढला नसेल, तर जातीचे नाव न लिहिलेलेच बरे.

फोटो कडेने घ्या, कॅमेरा मिटलेल्या पंखांना समांतर धरून. तिरप्या फोटोत टोक किंवा बूड यातले एक धूसर होतेच. नर असेल तर शेपटीच्या टोकावरच्या चिमट्यांचा जवळून वेगळा फोटो हवा. दक्षिणेकडच्या उंच डोंगरांत पारदर्शक पंखांची व्हेस्टालिस सबमाँटाना हीसुद्धा आढळते. तिथे चिमटे दिसत नसतील, तर 'व्हेस्टालिस, जात अनिश्चित' एवढीच नोंद करा.