कळ बदलली, पण माझ्या विंडोला पत्ताच नाही

एक्सलिब (लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या 'एक्स' सर्व्हरशी बोलणारी सी भाषेतली लायब्ररी) शिकायला घेतली ती एका हौसेपोटी: इंग्रजी 'के' दाबलं की 'क' उमटायला हवा.

आधी दोन शब्द पक्के करा. कीकोड म्हणजे कोणती कळ दाबली, आणि कीसिम म्हणजे त्या कळीचा अर्थ. माझ्या लिनक्सवर 'के'चा कीकोड ४५ आणि कीसिम १०७. 'क'चा युनिकोड क्रमांक २३२५, त्यात १६७७७२१६ मिळवले की कीसिम तयार: १६७७९५४१.

कोणत्या कळीला कोणते कीसिम, याचा एक तक्ता असतो: प्रत्येक कळीची एक ओळ, आणि ओळीत साधं, शिफ्टसह अशी घरं. एक्स-गेट-कीबोर्ड-मॅपिंग या फंक्शनने त्या कळीची सध्याची ओळ मागवली, पहिलं घर बदललं आणि एक्स-चेंज-कीबोर्ड-मॅपिंगने ती परत पाठवली. अशी आधी ओळ मागवायची सवय लावून घ्याच. एका कळीला किती घरं आहेत ते त्यातूनच कळतं, आणि शिफ्टचं घर चुकून पुसलं जात नाही.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. प्रोग्रॅम एक्स-क्लोज-डिस्प्ले न करताच संपत होता, त्यामुळे विनंती एक्सलिबच्या बफरमध्येच (पाठवण्याआधी साठवायच्या जागेतच) राहून जायची. साठलेलं सगळं सर्व्हरकडे पाठवणारं एक्स-सिंक घातलं आणि टर्मिनलमध्ये 'क' उमटला! तो क्षण अजून डोळ्यासमोर आहे.

पण मी स्वतः लिहिलेली विंडो १०७च छापत राहिली. शेजारी एक्स-ईव्ही (दाबलेल्या कळीची माहिती छापणारा छोटा प्रोग्रॅम) चालू होतं, तिथे त्याच कळीला १६७७९५४१. दोन दिवस मी मॅपिंगच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच. खरा तक्ता सर्व्हरकडे असतो, एक्सलिब मात्र प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्याची प्रत जपून ठेवते. तक्ता बदलला की सर्व्हर सगळ्या प्रोग्रॅम्सना मॅपिंग-नोटिफाय हा संदेश पाठवतो. तुम्ही मागितला नसला तरी तो येतोच. माझ्या इव्हेंट-लूपमध्ये (आलेले संदेश एकेक करून हाताळणाऱ्या कोडमध्ये) तो 'डिफॉल्ट'मध्ये, म्हणजे 'बाकी सगळं' या फांदीत पडून वाया जात होता. तिथे प्रत ताजी करणारी एक्स-रिफ्रेश-कीबोर्ड-मॅपिंगची एक ओळ घातली आणि विंडो ताळ्यावर आली. टूलकिट (जीटीके, क्यूटीसारखी खिडक्या बनवायची तयार लायब्ररी) वापरलं तर हे काम तेच करतं, म्हणून कित्येकांना ही पायरी माहीतच नसते. मला वाटतं, एकदा तरी हे हाताने करून बघावं.

कॅप्स लॉक किंवा कंट्रोल बदलायचं असेल तर मॉडिफायरचा (दुसऱ्या कळींचा अर्थ बदलणाऱ्या कळींचा) तक्ता वेगळा असतो. तो बदलताना ती कळ दाबलेली असेल तर सर्व्हर 'मॅपिंग-बिझी' म्हणून नकार देतो. आणि वेलँडवर (एक्सच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर) मूळ वेलँड ॲप्सना यातलं काहीच लागू पडत नाही, तिथे कीमॅप, म्हणजे कळींचा तक्ता, कंपॉझिटर (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम) देतो.

प्रयोगाआधी एक करा: कीबोर्डची मांडणी पूर्ववत करणारी 'सेट-एक्स-केबी-मॅप'ची मूळ लेआउटची कमांड दुसऱ्या टर्मिनलमध्ये टाइप करून ठेवा, फक्त एंटर दाबायचं बाकी ठेवून. आणि एंटरचा कीकोड, ३६, याला सुरुवातीला हात लावू नका.